बागेभोवती विटांची भिंत बांधायची आहे. साहित्य आणि खर्चाचा अंदाज कसा काढावा?

तुमची भिंत २० मीटर लांब आणि १.२ मीटर उंच. ठेकेदाराने एक ठोक आकडा सांगितलाय आणि तो खरा की फुगवलेला हे कळायला मार्ग नाही, असं तुम्ही लिहिलंय. आकडा तोडून बघितल्याशिवाय ते कळणारही नाही. पैशांच्या आधी मापं काढा. साहित्य किती लागेल ते तुमचं तुम्ही ठरवायचं, भाव बाजारातून घ्यायचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या की तपासायला काही उरतच नाही.

आधी विटेपासून सुरू करा. जिच्याकडून घेणार त्या भट्टीच्या दहा विटा एका ओळीत, लांबीला लांबी लावून ठेवा, टेपने मोजा आणि दहाने भागा. रुंदी आणि जाडीचंही तसंच. एकच वीट मोजली तर फसाल, कारण भट्टीत एखादी जास्त आवळते, एखादी वाकडी होते. मी इथे १९×९×९ सेंमीची वीट धरतो. १ सेंमीचा सांधा धरला की ती भिंतीत २०×१०×१० सेंमी जागा घेते, म्हणजे एका घनमीटरला ५०० विटा. तुमची वीट २३×११×७.५ सेंमीची निघाली तर हाच आकडा ४१०च्या आसपास येतो. त्यामुळे कुणीतरी सांगितलेला 'घनमीटरला इतक्या' हा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आता जमिनीवरची भिंत. एक वीट जाडीची, म्हणजे २० सेंमी. २० × १.२ × ०.२ = ४.८ घनमीटर, म्हणजे २४०० विटा. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि काम अर्ध्यावर आलं की विटा संपतात. कारण भिंत जमिनीवर ठेवलेली नसते, जमिनीतून वर आलेली असते.

पायासाठी ५० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल चर धरू. तळाला १५ सेंमी साधं काँक्रीट, त्यावर जमिनीच्या पातळीपर्यंत ४५ सेंमी बांधकाम, आणि ते वरच्या भिंतीपेक्षा जाड, दीड विटेचं, म्हणजे ३० सेंमी. २० × ०.३ × ०.४५ = २.७ घनमीटर. झाल्या आणखी १३५० विटा, ज्या नंतर कुणाला दिसणारही नाहीत. ठेकेदाराचा आकडा तुम्हाला जास्त वाटतोय तो कदाचित यामुळेच. आणि एखाद्याचा आकडा फारच कमी असेल तर त्याने नेमका इथेच हात आखडता घेतलाय का ते बघा. जमीन भुसभुशीत भरावाची असेल किंवा पावसात फुगून उन्हात भेगाळणारी काळी माती असेल, तर ६० सेंमीवर भागणार नाही. तिथे घट्ट थर लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि पायाचा खर्च वरच्या भिंतीच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून अंदाज काढण्याआधी दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून बघाच.

दर तीनेक मीटरवर ४० सेंमी चौरस खांब घ्या. तुमच्या लांबीत ते आठ येतील. जमिनीखालचा भाग धरून त्यांना साधारण ४५० विटा जादा लागतात. पैसे वाचवायला अर्ध्या विटेची, १० सेंमीची भिंत सुचवणारे भेटतील. खांब जवळजवळ घेतले तर कमी उंचीला ती चालते, पण मोकळ्या बागेत वारा थेट अंगावर येतो. १.२ मीटर उंचीला मी तरी ती करणार नाही.

एकूण झाल्या ४२०० विटा. तुटफुटीचे ५ टक्के धरून ४४०० मागवा. सगळ्या एकाच वेळी, एकाच लॉटच्या घ्या. नंतर दोन-तीनशे कमी पडल्या तर रंग जुळत नाही आणि छोट्या खेपेचं भाडं वेगळं.

सिमेंटचा हिशेब लोकांना अवघड वाटतो, पण तो वजाबाकीचा आहे. ४.८ घनमीटर भिंतीत २४०० विटा स्वतः ३.७ घनमीटर जागा घेतात, उरलेला १.१ घनमीटर माल, म्हणजे सिमेंट आणि वाळूचं कालवलेलं मिश्रण. सांडलवंड आणि विटेच्या खाचेत जाणारा माल धरून सव्वा. कोरं मिश्रण कालवल्यावर बसतं, त्यामुळे कोरं साहित्य तिसऱ्या हिश्श्याने जास्त घ्यायचं, म्हणजे १.७. एकास सहाच्या मालात सातातला एक भाग सिमेंट, म्हणजे ०.२४ घनमीटर. ५० किलोची गोणी ०.०३५ घनमीटरची असते, म्हणून ७ गोण्या. हेच प्रमाण पाया आणि खांबांना लावलं की सगळ्या बांधकामाला साडेबारा गोण्या होतात. पायाच्या १.५ घनमीटर काँक्रीटला, १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने, ७ गोण्या. माथ्यावरच्या ३० सेंमी रुंद, ७.५ सेंमी जाड काँक्रीटच्या पट्टीला ३. एकूण २३ गोण्या धरा. त्या सगळ्या एकदम आणून ठेवू नका. सिमेंट दमट हवेत गाठी धरतं, दोन खेपांत आणा.

माथ्याची पट्टी अनेकजण खर्च कमी करायला गाळतात. ती भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ५ सेंमी बाहेर यायला हवी आणि खालून कडेला बारीक खाच हवी, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, भिंतीवरून ओघळत नाही. उघड्यावरच्या भिंतीत पाणी जास्त करून वरूनच शिरतं. तीन गोण्यांसाठी ही कंजुषी करू नका.

वाळू सुमारे ३.५ घनमीटर लागेल. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, त्यामुळे हे झालं सव्वा ब्रास. पण मागवा दीड. ओली वाळू फुगलेली असते. खात्री करायची तर काचेच्या बरणीत ओलसर वाळू न दाबता भरा, उंचीची खूण करा, मग वरून पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. पातळी खुणेच्या चांगलीच खाली जाते. ट्रकमध्ये मोजून दिलेल्या वाळूतला तेवढा भाग तुम्हाला मिळालेलाच नसतो. खडी पावणेदोन-दोन घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रास पुरेल.

दोन्ही बाजूंनी प्लास्टर करायचं असेल तर आणखी ६-७ गोण्या. म्हणजे जमिनीवरच्या सरळ भिंतीला जितकं सिमेंट लागलं, जवळजवळ तितकंच नुसत्या लेपाला. शिवाय मजुरी आणि पुढे दर काही वर्षांनी रंग. वीट चांगली भाजलेली असेल, दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजत असेल, तर सांधे नीट भरून ती उघडीच ठेवा. बागेत तर ती जास्त शोभते.

मजुरीकडे वळू. सरळ भिंतीत एक गवंडी आणि हाताखालचे बिगारी दिवसाला ४००-५०० विटा लावतात. तुमच्या कामाला बांधकामाचे नऊ-दहा दिवस, खोदाई आणि काँक्रीट वेगळं. रोजंदारीवर दिलं तर दिवस लांबतात, उक्तं दिलं तर घाई होते. मला घनमीटरच्या दराने दिलेलं काम बरं वाटतं. झालेलं काम दोघांनाही टेपने मोजता येतं, वाद राहत नाही. किमान आठवडाभर भिंतीवर पाणी मारायला माणूस कोण देणार, हे मात्र आधीच ठरवा. ते बहुतेक वेळा कुणाच्याच खात्यात नसतं.

अंदाजातून हमखास सुटणारी आणखी एक बाब म्हणजे खणलेली माती. ६ घनमीटर चरातली १.८ परत भरली जाईल. उरलेली ४.२ मोकळी झाल्यावर फुगून पाचाच्या वर जाते. वाफ्यांत पसरता आली तर उत्तम, नाहीतर ती उचलायचे पैसे मांडा.

आता हे आकडे एका कागदावर उभे लिहा आणि दोन-तीन ठिकाणचे भाव समोर भरा. विटेचा हजारी भाव विचारताना पोच धरून की भट्टीवरचा, उतरवून देणार की नाही, हे विचारायला विसरू नका. शेवटी एकूण रकमेवर १० टक्के वर ठेवा. मग ठेकेदाराला त्याचे आकडे याच रकान्यांत भरून मागा. चराची खोली, पायाची जाडी, मालाचं प्रमाण लिहून द्यायला जो तयार नाही, त्याचा आकडा कितीही कमी असला तरी तुलनेतून बाजूला काढा.

एक अपवाद. भिंतीच्या एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा वर असेल आणि भिंत ती माती अडवणार असेल, तर वरचं काहीच लागू होत नाही. मातीचा, आणि त्याहून जास्त त्यात साठलेल्या पाण्याचा, दाब भिंत ढकलतो. तिची जाडी, पाया आणि पाणी जायची भोकं इंजिनिअरकडूनच काढून घ्या, आणि त्याची फी अंदाजात धरा.