आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीची ब्रशलेस मोटर वॉटर जॅकेट असूनही तापते, काय करावे?

तुम्ही दिलेला तपशील असा आहे : ६६ सेंटिमीटर लांबीची फायबरची बोट, ३६६० आकाराची (३६ मिलिमीटर व्यास, ६० मिलिमीटर लांबी) २६०० केव्हीची ब्रशलेस मोटर, ४एस (चार सेलची) लायपो बॅटरी आणि ४० मिलिमीटरचा प्रोपेलर. मोटरवर वॉटर जॅकेट (पाणी खेळवून मोटर गार ठेवणारे वेष्टन) आहे, पाण्याची धार बाहेर पडताना दिसते, तरीही तीन-चार मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही. यावर पाणी वाढवण्यासाठी छोटा पंप बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की पंप बसवू नका. आधी मोटरवरचा लोड कमी करा.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचे काम करतो. आमच्याकडे उसाच्या शेतांवरून पाणबुडी मोटरी येतात. ही मोटर कायम पाण्यात बुडालेली असते, म्हणजे तिच्याइतका गारवा मिळणारे यंत्र शोधून सापडणार नाही, आणि तरीही ती जळते. कधी व्होल्टेज पडलेले असते, कधी एक फेज गेलेला असतो, कधी पंपात वाळू बसून शाफ्ट जड झालेला असतो. कारण कोणतेही असो, अँपिअर वाढतात आणि वाइंडिंग काळे पडते. उष्णता तांब्याच्या तारेत तयार होते आणि तिथून वार्निश, स्टॅम्पिंग (लोखंडी पत्र्यांचा गाभा) व बॉडी ओलांडून पाण्यापर्यंत पोहोचायला तिला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आत जास्त उष्णता तयार होत असेल, तर बाहेर कितीही पाणी असले तरी उपयोग होत नाही.

तुमच्याच बोटीचा हिशेब मांडून पाहू. मोटर १००० वॅट घेत आहे आणि त्यातले १५० वॅट उष्णतेत जात आहेत, असे धरा. जॅकेटमधून मिनिटाला अर्धा लिटर पाणी जात असेल, तर १५० वॅट वाहून नेताना ते पाणी ४ ते ५ अंशांनीच गरम होते. बाहेर पडणाऱ्या धारेखाली हाताचे बोट धरून पाहा. पाणी जेमतेम कोमट लागत असेल आणि मोटर मात्र चटका देत असेल, तर पाणी आपले काम करत आहे, दोष पाण्यात नाही. धार कढत लागली, तर मात्र पाणी कमी पडते आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आता केव्हीकडे वळू. येथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर लोड नसताना दर व्होल्टला मिळणारे मिनिटाचे फेरे. ४एस बॅटरीचे नाममात्र व्होल्टेज १४.८, म्हणजे तुमच्या मोटरचे ३८,००० हून अधिक फेरे होतात, आणि पूर्ण चार्ज असताना, १६.८ व्होल्टला, ४३,००० च्या पुढे. या आकाराच्या बोटीला आणि ४० च्या प्रोपेलरला हे फार झाले. मी स्वतः ३०,००० च्या आसपास राहतो. हीच मोटर ३एसवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर चालवली, तर फेरे सुमारे २९,००० होतात. प्रोपेलरला लागणारा पीळ (टॉर्क) फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, विद्युतप्रवाह पिळाच्या प्रमाणात बदलतो, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून फेरे पाऊणपट झाले की तारेतील उष्णता ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शावर येते. वेग एक चतुर्थांशाने कमी होईल हे खरे, पण मोटर वाचेल.

४एस सोडायची नसेल, तर प्रोपेलर लहान करा. येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ४० आणि ३६ मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण फेरे तेवढेच आणि पिचचे (एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढा पुढे सरकतो त्या अंतराचे) व्यासाशी प्रमाण तेच ठेवले, तर लागणारा पीळ व्यासाच्या पाचव्या घातावर ठरतो. ४० ऐवजी ३६ लावला की तो सुमारे ५९ टक्क्यांवर येतो, आणि तारेतील उष्णता पुन्हा तिसऱ्या हिश्शाजवळ. एका प्रोपेलरच्या किमतीत एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडत नाही.

खरा प्रवाह किती जातो हे कळण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. (आमच्याकडचा साधा क्लॅम्प मीटर येथे चालत नाही, कारण तो फक्त एसी मोजतो आणि बॅटरीची लाईन डीसी असते.) बॅटरी पूर्ण चार्ज करा, घड्याळ लावून बोट ३ मिनिटे चालवा आणि पुन्हा चार्जरला लावा. चार्जरने परत किती मिलिअँपिअर-तास भरले ते पाहा. समजा ३००० भरले, तर ३ अँपिअर-तास ३ मिनिटांत गेले, म्हणजे सरासरी प्रवाह ६० अँपिअर. प्रत्येक प्रोपेलरमागे हा आकडा वहीत लिहून ठेवा. मोटरवर छापलेला कमाल प्रवाह बहुधा काही सेकंदांपुरताच असतो, सलग चालवण्यासाठी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

लोड फक्त प्रोपेलरचा नसतो. प्रोपेलर काढून फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणारा लवचिक दांडा) बोटांनी फिरवून पाहा. तो सगळीकडे सारखा, सैल फिरला पाहिजे. कुठे जड, कुठे हलका लागला तर शाफ्टची नळी वाकलेली आहे किंवा मोटर आणि नळी एका रेषेत नाहीत. बोट दोन-तीन वेळा चालवून झाली की ग्रीस पुसून नवे लावावे. लोड आल्यावर फ्लेक्स शाफ्ट आखडतो, म्हणून प्रोपेलरमागच्या ड्राइव्ह डॉगमध्ये (प्रोपेलरला अडकवून फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमध्ये (शाफ्टला आधार देणारा भाग) २-३ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर तो स्ट्रटवर घासत राहतो. आणि पाण्यात केंदाळ असेल तर तिथे बोट सोडूच नका. त्याची केसासारखी मुळे शाफ्टला गुंडाळली की मोटर ओढत राहते, आणि तीच मुळे पाण्याच्या पिकअपमध्ये (बोटीत पाणी घेणाऱ्या तोंडात) बसून धार बंद करतात. रंकाळ्याच्या काठावर मी अशी मुळे चिमट्याने कितीतरी वेळा उपसली आहेत.

धार कढत लागत असेल, तर पाण्याची वाट तपासा. सिलिकॉनची नळी वळणावर चेपलेली नसावी. पाणी जॅकेटमध्ये खालून शिरावे आणि वरून बाहेर पडावे, नाहीतर वरच्या भागात हवा अडकते आणि तेवढा भाग कोरडा राहतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात बोट चालवली असेल, तर घरी आल्यावर मोठ्या सिरिंजने उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडून गाळ काढा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे वेटोळे वापरणार असाल, तर ते मोटरला घट्ट चिकटले पाहिजे. मी ३६ मिलिमीटरच्या मोटरसाठी लेथवर ३४ मिलिमीटरचा दांडा काढतो, नळीत बारीक मीठ ठासून दोन्ही टोके बंद करतो आणि मग ती दांड्यावर गुंडाळतो. मिठामुळे नळी चेपत नाही आणि नंतर ते पाण्याने धुऊन निघते. वेटोळे थोडे ताणून, आतून थर्मल पेस्ट लावून मोटरवर चढवतो.

अर्ध्या थ्रॉटलवर रेंगाळल्याने मोटर थंड राहील असे समजू नका. हळू चालताना पिकअपमध्ये पाणी नीट शिरत नाही आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) उलट जास्त तापतो. ईएससीचे टायमिंगही (वाइंडिंगला प्रवाह किती आधी द्यायचा ती सेटिंग) सुरुवातीला कमीच ठेवा.

मोटर तापण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चुंबकांमुळे. साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. वरच्या दर्जाचे १२० ते १५० अंश सोसतात, पण आपल्या मोटरमध्ये कोणते आहेत हे बाहेरून कळत नाही. माझी पहिली मोटर मी ४४ च्या प्रोपेलरवर अशीच घालवली. गार झाल्यावर ती फिरत होती, वासही नव्हता, पण शाफ्ट बोटांत धरून फिरवला की नव्या मोटरला जे स्पष्ट खटके लागतात ते जवळजवळ नाहीसे झाले होते. चुंबक कमजोर झाला की तेवढ्याच पिळाला जास्त प्रवाह लागतो आणि फेरेही वाढतात, म्हणजे पुढच्या खेपेस ती आणखी तापते. वाइंडिंग मी पुन्हा भरू शकतो. चुंबक मला भरता येत नाही.

म्हणून मोजूनच पुढे जा. इन्फ्रारेड थर्मामीटर औद्योगिक वापराचा घ्या, कारण कपाळाचा ताप मोजणारा साधारण ४३ अंशांच्या पुढे जात नाही. चकचकीत धातूवर औद्योगिक थर्मामीटरही खोटा कमी आकडा दाखवतो, तेव्हा मोटरच्या उघड्या भागावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. काठावर आल्याबरोबर एकदा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. पाणी थांबल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि दुसरा आकडा मोठा निघतो, तोच खरा धरा. ३६ च्या प्रोपेलरवर २ मिनिटांपासून सुरुवात करा, आणि आकडा ६५ च्या आत राहिला तरच वेळ अर्ध्या मिनिटाने वाढवा. ८० दिसले तर त्या दिवशी बोट पुन्हा पाण्यात सोडू नका. पुढच्या वेळी ३एस बॅटरी घेऊन या.