जंगली कॉफीला नाव कशाला हवं?

प्रश्न : आफ्रिकेतल्या जंगली कॉफीच्या निम्म्याहून जास्त जाती संकटात असल्याचं वाचलं. बाजारात तर अरेबिका आणि रोबस्टा दोनच दिसतात. जंगलतोड थांबवायचं सोडून शास्त्रज्ञ वाळक्या पानांवरून नावं ठरवत का बसतात? आणि ही झाडं ओळखतात तरी कशी?
– एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ओळखण्यापासून सुरुवात करू. नर्सरीत मिळणारं पेंटास मूळचं आफ्रिकेतलं आणि कॉफीच्याच, म्हणजे रुबिएसी कुलातलं. त्याची फांदी हातात घ्या. पानं समोरासमोर दिसतील आणि दोन देठांच्या मधल्या जागेत केसांसारखं बारीक उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारा पानाचाच छोटा भाग. रूप थोडं बदलतं, पण हीच खूण अनंताला, हेदूला आणि दाजीपूरच्या रानातल्या गेळ्यालाही आहे. वर्गात मी गेळ्याची फांदी नेत असे. काटे टोचले तरी मुलं ती खूण शोधून काढत.

कुल असं चटकन कळतं, जात ठरवणं मात्र जिकिरीचं. पुंकेसर फुलाच्या नळीत दडलेले असतात म्हणून सिलँथस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कॉफीपासून वेगळी धरली जाई. डीएनए तपासल्यावर २०११ मध्ये ती कॉफीतच घेतली गेली आणि आपल्या देशातली काही रानटी झुडपंही कॉफी ठरली!

आता नावाचं. एखादं जंगल वाचवायला कुणी उभं राहिलं, की पहिला सवाल येतो, इथे असं काय आहे जे दुसरीकडे नाही? नावच नसलेल्या झाडाची धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत सहसा नोंद होत नाही, मग त्याची बाजू कोण मांडणार? २०१९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी कॉफीच्या १२४ जाती तपासल्या, त्यांतल्या ७५ धोक्यात निघाल्या. आपण पितो ती अरेबिकासुद्धा तिच्या मूळ रानात, इथिओपियात, धोक्यात आहे.

स्टेनोफायलाचंच बघा. १८३४ साली नाव मिळालेली ही पश्चिम आफ्रिकेतली कॉफी, पिकलेलं फळ काळं. सिएरा लिओनच्या रानात १९५४ नंतर तिची नोंदच नव्हती. जुन्या नोंदी आणि वर्णनं हाताशी धरून डिसेंबर २०१८ मध्ये शोध घेतला, तेव्हा कासेवे टेकड्यांत एकच झाड सापडलं; पुढे कांबुईच्या टेकड्यांत आणखी मिळाली. चव अरेबिकाच्या जवळची आणि वाढते मात्र २४.९ अंश सरासरी तापमानात, म्हणजे अरेबिकाहून सहा अंशांनी जास्त उष्ण हवेत. हवामान तापत असताना ही केवढी मोलाची गोष्ट! ते नाव आणि ते वर्णन कागदावर नसतं, तर शोधणाऱ्यांनी नेमकं काय शोधलं असतं?

जंगल आधी वाचवा, हा तुमचा आग्रह मात्र मला पूर्ण मान्य आहे, कारण रानाबाहेर कॉफी जपणं अवघड. ज्वारीचं बी वाळवून बीजपेढीत गोठवून ठेवता येतं. कॉफीचं बी तसं टिकत नाही. मग झाडंच लावून जगवावी लागतात. मादागास्करमध्ये कियांजावातोला असा जिवंत संग्रह आहे. त्याला रोजची देखभाल लागते, माणसं लागतात, पैसा लागतो, आणि त्या बेटावर चक्रीवादळं तर नेहमीचीच.