लहान मुलांच्या खोड्या कशा आवराव्यात, आणि नाशिकमध्ये त्यांना कुठे न्यावे?

बदलीमुळे नुकतेच नाशिकला राहायला आल्यावर आपला पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी दिवसभर घरात धुमाकूळ घालतात, कपाटे उपसतात, पाणी सांडतात. तेव्हा हा खोडकरपणा कमी कसा करावा आणि त्यांना बाहेर न्यायचे तर कुठे न्यावे, असे आपण विचारले आहे. माझी थोरली मुलगी सात वर्षांची आणि धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरात सासूबाई आहेत आणि आम्ही इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. खोडकरपणा कमी करण्याचा नाद मी वर्षभरापूर्वीच सोडला. खोडी झाली की रागावण्याआधी ‘हे याने कुठे पाहिले?’ एवढे शोधून काढायचे, असे मी ठरवले आहे. आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर आम्हीच मुलांना जिथे घेऊन गेलो होतो, तिथे सापडते.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी यजमानांच्या दुचाकीची किल्ली सापडेना. त्यांची अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी असते. गाद्या उलटवल्या, चपलांचे कपाट पाहिले, केराची बादलीसुद्धा चाळली, आणि शेवटी ते रिक्षाने गेले. दुपारी सासूबाई माठातून पाणी काढायला गेल्या तेव्हा ओगराळे तळाला लागून खणकन वाजले. माठात किल्ली होती, पाच रुपयांची दोन आणि एक रुपयाची चार नाणी होती, आणि झेंडूच्या काही पाकळ्या तरंगत होत्या. धाकट्याला जवळ घेऊन विचारले, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, “गंगेत पैसे टाकतात ना, तसे टाकले.”

आदल्याच दिवशी आम्ही त्याला रामकुंडावर नेले होते. (आपण नवीन आहात म्हणून सांगते, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ असे कोणी म्हणाले तर तो गोदाघाटावर निघाला आहे असे समजावे.) तिथे माणसे पाण्यात नाणे टाकून हात जोडत होती, आणि सासूबाईंनी स्वतः त्याच्या हातात एक रुपया देऊन तो टाकायला लावला होता. घरात त्याच्या हाताला येईल असे सर्वांत खोल पाणी माठातले, म्हणून तीच त्याची गंगा झाली. किल्ली का टाकली, तर ती नाण्यापेक्षा मोठ्याने वाजते म्हणून. त्याने मनोभावे पूजा केली होती आणि आम्ही सकाळपासून त्या पूजेला चोरी समजत होतो. मी त्याला रागावले नाही, पण काम मात्र दिले. माठ रिकामा करून ते पाणी कुंड्यांना घालायचे, माठ आतून काथ्याने घासायचा आणि आपल्या पेल्याने पुन्हा भरायचा. माठ काठोकाठ भरायला पाऊण तास लागला, शेवटच्या काही पेल्यांना त्याचा हात थरथरत होता, पण ‘मीच करणार’ म्हणून त्याने मला हात लावू दिला नाही. त्यानंतर माठात कधी काही पडलेले नाही.

इथे एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहिते. नाणी आणि रिमोटमधली गोल, चपटी बॅटरी आपल्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाती लागणार नाही, अशी ठेवा. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका काही तासांत आतून भाजू शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भरलेली बादलीही उघडी ठेवू नये, कारण एवढ्या लहान मुलांना वीतभर पाणीही जिवावर बेतते. आमच्याकडे खेळ संपला की बादली पालथी, हा नियम आहे.

थोरलीची खोडीही पाण्याचीच, पण तिचा उगम निराळा. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती उभी आहे, आणि नाशिककरांसाठी ती पुराची पट्टी आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे बातम्यांमध्ये येते, पण घराघरांतून प्रश्न एकच असतो, “मारुतीच्या कुठपर्यंत आलं?” पायांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला, असे पूर वाढत जातो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांच्या गोष्टी मुलीने आजीकडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, तेव्हा आपण तिथे उभ्या होतो असे तिला वाटते. एका शनिवारी न्हाणीघरातून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दार ढकलून पाहिले तर मोरीच्या जाळीवर ओला पंचा दाबून बसवला होता, मधोमध एक प्लास्टिकची बाहुली उभी होती, धाकटा नळावर हात ठेवून धरण झाला होता आणि थोरली ओरडून सांगत होती, “कमरेपर्यंत आलं, अजून सोड!” पाणी उंबरठा ओलांडून बैठकीच्या खोलीत शिरले होते.

दोघांना फरशी पुसायला लावली, इमारतीची टाकी निम्मी उतरल्याबद्दल खालच्या मजल्यावरील काकूंकडे जाऊन त्यांनीच माफी मागितली. पण तिला मोजायचे होते, ही गोष्ट खरी होती, आणि ती तशीच वाया जाऊ द्यायची नाही असे मला तीव्रतेने वाटले. म्हणून आम्ही पर्जन्यमापक केला. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली घेऊन वरचा निमुळता भाग कापला आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला. तळ खालीवर असतो, म्हणून त्यात खडे आणि थोडे पाणी घालून तिथे शून्याची रेघ ओढली आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवली. हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून तीही साडेआठलाच गच्चीवर जाते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे तिला आता पाठ नसून कळलेले आहे. तिच्याच प्रश्नातून मलाही एक धडा नीट समजावून सांगावा लागला: आपल्या बाटलीत चार मिलिमीटर असतानाही मारुतीच्या गुडघ्याला पाणी कसे लागते? कारण धरणात येणारे पाणी त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरांवरचे असते आणि तिकडे शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. आपणही हे ध्यानात ठेवावे. शहरात ऊन पडले असले तरी विसर्ग सुरू असताना मुलांना घाटाच्या पायऱ्यांवर नेऊ नये, आणि एरवीही शेवाळलेल्या पायरीपासून दूर, हात धरूनच उभे राहावे.

बाहेर नेण्याची माझी सर्वांत आवडती जागा पांडवलेणी आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत आणि ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, पाणी सोबत घ्यावे आणि पायऱ्या मुलांनाच मोजू द्याव्यात. आमच्या दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि त्या वादात चढण संपते. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली दगडी पुरुष अर्धे जमिनीबाहेर येऊन संपूर्ण लेणे खांद्यावर पेलताना दाखवले आहेत. धाकटा त्यांच्यासमोर तसाच खांदे उचलून उभा राहतो, आणि दोन मिनिटे शांत असतो. त्याच लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. एका आईने आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, केलेले ते कौतुक आहे, आणि त्यात त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे म्हटले आहे. हे मी वाचून दाखवल्यावर थोरलीने विचारले, “समुद्राचं पाणी खारट असतं, मग घोडे कसे प्यायले?” राज्य तीन समुद्रांपर्यंत पोहोचले होते हे सांगण्याची ती रीत आहे, हे तिला पटवायला परतीची सगळी वाट लागली.

त्याच दिवशी तिने खडा उचलून लेण्याच्या भिंतीवर आपले नाव कोरायला सुरुवात केली. इथे मात्र मी तिचा हात तात्काळ धरला आणि आवाज चढवला. तिने ही गोष्ट कुठून उचलली हे समोरच दिसत होते, कारण तिच्या आधी कितीतरी मोठ्या माणसांनी तिथे नावे खरवडून ठेवलेली आहेत; पण हे स्मारक संरक्षित आहे आणि एकदा गेलेला दगड परत येत नाही, म्हणून तिथे समजावणे नंतर आणि थांबवणे आधी. घरी आल्यावर तिला गॅलरीत शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि जुना खिळा दिला. चार अक्षरे कोरायला तिला तीन संध्याकाळी लागल्या.

रंगपंचमीचे थोडक्यात सांगते, कारण ती अजून लांब आहे. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे हौद, त्या दिवशी उघडतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात. मुलांना तो सोहळा दुरूनच दाखवा आणि पांढऱ्या उशांचे अभ्रे काही दिवस कुलपात ठेवा. आमच्या चार अभ्र्यांना हळदीच्या पाण्यात धप्पा बसलेला आहे.

येत्या बुधवारी मात्र दोघांना घेऊन गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराला जा. मुलाच्या हातात वीस रुपये आणि एक छोटी कापडी पिशवी द्या, काय घ्यायचे ते त्याला ठरवू द्या आणि पैसे त्यालाच मोजून देऊ द्या. मुलीकडे कोथिंबिरीची जुडी सांभाळायला द्या. आमचा धाकटा पहिल्या खेपेला दोन भोपळी मिरच्या आणि एक लिंबू घेऊन आला होता, आणि संध्याकाळी त्या मिरच्या चिरेपर्यंत ओट्याजवळून हलला नाही.