तपकिरी केंद्रकं मोजताना कंटाळा आला होता का?

प्रश्न : मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका छोट्या प्रकल्पात तोंडाच्या कर्करोगाच्या गाठीशेजारच्या, दिसायला निरोगी ऊतींवर पी५३ या प्रथिनाचं स्टेनिंग केलं, म्हणजे ते जिथे असेल तिथे तपकिरी रंग येतो. तिथेही पेशींची काही केंद्रकं तपकिरी दिसली. तेव्हापासून ओरल पॅथॉलॉजीच (तोंडाच्या ऊती तपासून रोगनिदान करण्याची शाखा) डोक्यात आहे. बाबा म्हणतात, सरळ दवाखाना टाक, मायक्रोस्कोपवर पोट भरत नाही. काय करू?

उत्तर : बाबांचं नंतर बघू, आधी तुझी स्लाइड.

तू जे पाहिलंस त्यामागे मोठा इतिहास आहे. १९५३ साली स्लॉटर या अमेरिकी सर्जनने आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांच्या ऊती तपासल्या. गाठीपलीकडचं, वरवर ठीक वाटणारं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेलं निघालं. त्यांनी त्याला ‘फील्ड कॅन्सरायझेशन’ म्हटलं, म्हणजे बिघाड एका पेशीपुरता नसून सगळं शेतच नासलेलं. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि गंमत म्हणजे पुढची दहाएक वर्षं ते कर्करोग वाढवणारं समजलं जात होतं. ते गाठ रोखणारं प्रथिन आहे हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झालं. भल्याभल्यांचा अंदाज चुकलेल्या विषयात तू शिरतेयस.

आता तो तपकिरी रंग. निरोगी पी५३ फार टिकत नाही. एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून काही मिनिटांत नष्ट करायला पाठवतं, म्हणून ते स्टेनमध्ये जेमतेम दिसतं. बिघडलेलं पी५३ बऱ्याचदा केंद्रकात साचतं आणि ठळक दिसतं. पण तपकिरी म्हणजे कर्करोग, असं समीकरण मांडू नकोस. डीएनएला इजा झाली तर निरोगी पी५३ सुद्धा काही काळ टिकून राहतं. सर्वांत खालच्या, बेसल थरात तुरळक फिकट केंद्रकं निरोगी माणसातही सापडतात. उलट जनुकातल्या दोषामुळे प्रथिन अर्धवटच तयार झालं, तर अजिबात रंग येत नाही. कोरी स्लाइड म्हणजे निर्दोष ऊती नव्हे. तुझी तपकिरी केंद्रकं बेसल थरातच होती की वरच्या थरांतही? हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, आणि सगळं त्यावरच अडलंय.

हा प्रश्न वाचून हात स्लाइडच्या डबीकडे गेला असेल तर पॅथॉलॉजीचा विचार जरूर कर. ‘ते साचतंच का’ हा प्रश्न जास्त छळत असेल तर मॉलिक्युलर बायोलॉजी आणि पुढे पीएचडी. दोन्हींचा स्वभाव वेगळा. पॅथॉलॉजिस्टला आज संध्याकाळपर्यंत रिपोर्टवर सही करायची असते, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याच्या कडा कर्करोगापासून स्वच्छ आहेत की नाहीत हे रोजच्या कामात अजून साध्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे नेहमीचे दोन रंग) स्लाइडवरच ठरतं. संशोधकाचे महिने न जमलेल्या प्रयोगांत जातात.

बाबा पैशाबद्दल अगदीच चूक नाहीत. नुसत्या ओरल पॅथॉलॉजीच्या जागा मुख्यतः अध्यापनात आणि निदान प्रयोगशाळांत असतात, आणि त्या थोड्या असतात. पण पॅथॉलॉजी केली म्हणून दाताला हात लावायची बंदी होत नाही. अर्धा दिवस दवाखाना चालवणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत. बाबांशी बोलताना हे आधी सांग, स्लॉटर नंतर.

निर्णयाआधी एक काम कर. त्याच स्लाइडवर चाळीसच्या लेन्सखाली १००० पेशींपैकी तपकिरी किती ते मोज. दोन आठवड्यांनी लेबल झाकून, जुना आकडा न बघता पुन्हा मोज. मग मैत्रिणीला मोजायला लाव. आकडे जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत हे शोधायला तू रात्री उशिरापर्यंत बसलीस तर हे क्षेत्र तुझं. ‘परत मोजायचं?’ म्हणून कपाळाला आठ्या पडल्या तर दवाखाना टाक, त्यात कमीपणा काही नाही.

आणि मोजायच्या आधी निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे पी५३ ला चिकटणारी मूळ अँटीबॉडी न घातलेली स्लाइड बघ. ऊतीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) नीट थोपवलं गेलं नसेल तर तिच्यावरही तपकिरी रंग येतो. तसं निघालं तर स्टेनिंग पुन्हा पहिल्यापासून.