हायकोर्टात न्यायाधीश न होता थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं का?

येतं. आमच्या देवगडात शिकणाऱ्या मुलांनी हा प्रश्न विचारावा याचा मला फार आनंद होतो, कारण याचं उत्तर आपल्याच तालुक्यात सापडतं. विजयदुर्गाजवळचं गिर्ये हे न्या. उदय लळीत यांचं मूळ गाव. ते हायकोर्टाचे न्यायाधीश कधीच नव्हते. १९८३ साली वकिली सुरू केली, पुढे दिल्ली गाठली, आणि २०१४ मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली. २०२२ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. असं थेट येऊन त्या खुर्चीपर्यंत पोचलेले त्यांच्याआधी एकटे न्या. सिक्री, १९७१ साली.

नियम घटनेच्या कलम १२४ मध्ये आहे: हायकोर्टात ५ वर्षं न्यायाधीश, किंवा १० वर्षं वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित. भारताचं नागरिकत्व हवंच.

निवृत्ती मात्र ६५व्या वर्षी, आणि सरन्यायाधीशपद सहसा सेवाज्येष्ठतेने मिळतं. म्हणून लळीतांच्या वाट्याला जेमतेम ७४ दिवस आले. मला ते आजही फार कमी वाटतात.