डेंग्यूच्या साथीत लोक ऐकतील असा मजकूर कसा लिहावा?

तुमचा प्रश्न असा: गावात डेंग्यूचे रुग्ण वाढताहेत, ग्रामपंचायतीने ‘परिसर स्वच्छ ठेवा’ असे फलक लावले, रिक्षावर भोंगा फिरवला, तरी घरोघरच्या पिंपांत अळ्या सापडतातच. लोक बेफिकीर आहेत का?

नाहीत. फलकावर नेमकं करण्यासारखं काही लिहिलेलंच नाही. ‘परिसर स्वच्छ ठेवा’ वाचून माणूस अंगण झाडतो आणि गटाराकडे बोट दाखवतो. डेंग्यूचा डास मात्र घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मजकुरात भांडं, वार आणि कृती या तिन्ही गोष्टी हव्यात.

त्यातही ‘पिंप रिकामं करा’ एवढ्याने भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, कोरड्यातही काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. घासायला सांगितलं नाही तर कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा दिवस, पाळूनही अळ्या दिसतात. मग लोक म्हणतात, सांगितलं ते केलं, उपयोग काय झाला? एकदा असा विश्वास उडाला की पुढची सूचना कोणी मनावर घेत नाही. दर आठवड्याला का, तेही सांगून टाका: उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात.

आता वार. नळाला तीन दिवसांआड पाणी येत असताना सगळ्यांना रविवारी पिंप ओतायला सांगितलं तर कोण ओतेल? पाणी सोडणाऱ्याकडून वेळा घ्या आणि आळीगणिक वेगळा मजकूर करा:

‘खालची आळी: मंगळवारी नळ येण्याआधी पिंपात उरलेलं पाणी फडक्यातून गाळून बादलीत काढा. पिंप आतून काथ्याने घासा. धुतलेलं पाणी कोरड्या मातीवर ओता. पिंप भरलं की तोंड कापडाने घट्ट बांधा.’

गाळून घ्यायला सांगितलं की पाणी वाया जात नाही, आणि मोठी हरकत तिथेच मिटते. जी टाकी उपसताच येत नाही, तिच्यासाठी आरोग्य सेवकांकडून अळ्या खाणारे गप्पी मासे किंवा अळीनाशक मागवा.

भीतीदायक चित्रं लावायची तर कृती त्याच फलकावर हवी. नुसती भीती घातली की लोक नजर फिरवतात. ‘कोणीच ऐकत नाही’ असं तर मुळीच लिहू नका, शेजारीही करत नाहीत एवढंच त्यातून कळतं. किती घरांनी पिंपं घासली तो खरा आकडा लिहा. रुग्णाचं घर कुठलं हे मात्र कधीही जाहीर करू नका, लोक ताप लपवू लागतात.

धूर मारला की झालं, हा समज खोडताना आधी तो समज छापू नका. थेट लिहा: ‘धुराने उडता डास मरतो, पिंपातली अळी जिवंत राहते.’

छापण्याआधी आळीतल्या पाच-सहा जणांना मजकूर वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल, कधी कराल?’ असं विचारा. उत्तर अडखळलं तर ते वाक्य बदला.

तापाची सूचना वेगळ्या कागदावर, आशाताईंच्या हातून घरोघरी द्या: ‘तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. ताप उतरत असताना पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस बेचैन झाला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.’ ताप उतरला म्हणजे धोका टळला असं घरच्यांना वाटतं, म्हणून ‘ताप उतरत असताना’ हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत छापा.