बॅटरी बिघडते मेमध्ये, कळतं डिसेंबरात

थंडी पडली की ग्वाल्हेरहून एकाच चालीचे प्रश्न येतात. सकाळी किल्ली फिरवली, सेल्फ नुसता कण्हला, आता नवी बॅटरी घ्यायची ना? दर वेळी दोष बॅटरीचाच असतो असं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

प्रश्न : बॅटरीला तीन वर्षं झाली. बदलून टाकू का? (मुरार)

नुसत्या वयावरून बदलू नका. साधारण तीन ते पाच वर्षं चालते. आधी तपासून घ्या.

प्रश्न : बॅटरीत आरओचं पाणी घातलं तर चालेल का? (थाटीपूर)

नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. सीलबंद बॅटरी उघडायची नाही.

प्रश्न : थंडीनं बॅटरी मरते असं सगळे म्हणतात. मी रात्री बॉनेटवर गोधडी टाकतो. उपयोग होतो ना? (लष्कर)

गोधडी काढा. 'सगळे म्हणतात' यावरच लोकांचे पैसे जातात. आपल्याकडे बॅटरीला मारतो तो उन्हाळा. मे-जूनमध्ये पारा 45 च्या घरात असतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेत आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज दुप्पट होते. पण उन्हात इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही गाडी सुरू करून देते आणि आपण निर्धास्त राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाचापर्यंत उतरला की ऑइल घट्ट होतं, सेल्फ जास्त करंट मागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद कमी झालेली असते. मग शिव्या थंडीला.

म्हणून पावसाळा ओसरला की तपासणी करा. गाडी रस्त्यात बंद पडायची वाट बघू नका. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी सुरू करण्याआधी मल्टीमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मा. कमी दिसलं तर लगेच दुकान गाठू नका, चार्ज करून पुन्हा मोजा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. त्याहून बरंच कमी असेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर. तो न बघता नवी बॅटरी घातली तर तीही बसेल. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, तेव्हा निष्कर्ष ऑटो इलेक्ट्रिशियनलाच काढू द्या. शिवाय नुसता व्होल्टेज फसवतो. खरी परीक्षा लोड टेस्टची, म्हणजे बॅटरीवर भार टाकून मोजण्याची. पूर्ण चार्ज असूनही सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला, तर बॅटरी संपत आली असं धरा. यंत्र न लावता 'गेली साहेब' म्हणणाऱ्या दुकानात थांबू नका.

प्रश्न : टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचतो. (लष्कर)

आधी क्लॅम्प हातानं हलवून बघा. हलला तर कदाचित सगळा आजार तोच. इंजिन बंद करून, हातमोजे घालून निगेटिव्हची वायर पहिली सोडा; जोडताना ती शेवटी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं ब्रश मारा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर स्वतः हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : निम्म्या किमतीत 'रीकंडिशन' बॅटरी मिळते, सहा महिन्यांची गॅरंटीही देतात. घ्यावी का? (हजीरा)

घेऊ नका. बहुतेकदा जुन्याच डब्यात नवं अ‍ॅसिड भरून वर चकचकीत स्टिकर लावलेलं असतं. चार दिवस जोर दिसतो, पण झिजलेल्या प्लेटा अ‍ॅसिडनं परत येत नाहीत. नवी घेतानाही डोळे उघडे ठेवा. उत्पादनाचा महिना बघा. सहा महिन्यांहून जास्त पडून असलेली परत करा. मोठ्या अक्षरांतल्या वॉरंटीतले किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने नुसती सवलत, ते विचारा. कार्डावर सिरीयल नंबर, तारीख, शिक्का घ्या. जुनी बॅटरी दुकानातच देऊन तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गल्लीत ती फोडली तर शिसं आणि अ‍ॅसिड तिथल्याच मातीत मुरतं, आणि त्या मातीत मुलं खेळतात.

प्रश्न : गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. साधी बॅटरी बसवली तर? (मुरार)

लवकर जाईल. अशा गाड्यांसाठी ईएफबी आणि एजीएम या जास्त दणकट प्रकारच्या बॅटऱ्या असतात; त्यांतली कंपनीनं सांगितलेलीच घ्या. काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरमध्ये नोंदवावीही लागते. विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करा.